बिनविरोधच्या आधी बोलू तरी द्या

जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या गावांच्या ग्रामपंचायत निवडणुका रद्द केल्या. सरपंचपदाची बोली लागली होती. उमराण्यात ती दोन कोटींच्या वर गेली, तीही देवळासाठी.

निवडणूक बिनविरोध करण्यामागची, गावात भांडणं नकोत ही भावना मला खोटी वाटत नाही. पण भांडण टाळता टाळता आपण बोलणंच टाळतो. अर्ज मागे घ्यायच्या दिवशी तहसील कचेरीबाहेर चार वजनदार माणसं एकेका उमेदवाराला बाजूला घेतात, खांद्यावर हात ठेवून समजूत काढतात. गाव बिनविरोध होतं, आणि गावातल्या बायकांना ते संध्याकाळी कळतं.

उमेदवार सगळ्यांनी बोलूनही ठरवता येतो, त्याचं एक उदाहरण सांगतो. ग्रीसमध्ये अथेन्सला लागून मारूसी नावाचं शहर आहे. २००४ च्या ऑलिंपिकचं मुख्य संकुल तिथलंच. २००६ मध्ये पासोक पक्षाला तिथे महापौरपदाचा उमेदवार ठरवायचा होता. इच्छुक सहा. पक्षनेते जॉर्ज पापांद्रेऊ यांनी तो निर्णय शहरातल्या सामान्य माणसांवर सोपवला. जेम्स फिश्किन या अभ्यासकाच्या पद्धतीने शंभरहून अधिक रहिवासी नमुना म्हणून निवडले गेले. त्यांना शहराच्या प्रश्नांची माहिती आधीच दिली होती. दिवसभर ते छोट्या गटांत बसून बोलले, मग सहाही इच्छुकांना समोर बसवून प्रश्न विचारले, आणि शेवटी गुप्त मतदान केलं. पहिल्या फेरीत निकाल लागला नाही, म्हणून दुसरी झाली. निवडले गेले पानोस अलेक्झांड्रिस, फारसं नाव नसलेले वकील. पक्षाने तो कौल मानला.

यातले छोटे गट आणि गुप्त मत मला सगळ्यात मोलाचे वाटतात. चावडीवर पाटलांसमोर जी मजूर बाई तोंड उघडत नाही, ती आठ-दहा जणींत बोलते. आणि चिठ्ठी टाकताना तिच्यावर कुणाची नजर नसते.

आपल्याकडे आता सरपंच थेट जनतेतून निवडला जातो. मग अर्ज भरण्याआधी इच्छुकांनी गावासमोर का बसू नये? आधी वस्तीवस्तीत, बायकांच्या वेगळ्या बैठकीत प्रश्न निघू देत: पाणीयोजनेचं वीजबिल का थकलं, घरकुलाच्या यादीतून कुणाचं नाव का गळलं, गायरानावरचं अतिक्रमण कोण काढणार? उत्तरं ऐकून चिठ्ठ्यांनी कौल घ्या. त्यानंतरही दोघे-तिघे रिंगणात राहिले, तर खुशाल राहू देत, मतदान आहेच.