तान्ह्या बाळाचा गळका डोळा

(ज्ञातिसंघाच्या खोडद येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने मला 'आरोग्य' या विषयावर बोलण्याची आज्ञा केली. हा विषय इतका अफाट आहे की त्यावर तासभर बोलूनही श्रोत्यांनी घरी काय न्यावे हा प्रश्न शिल्लक राहतो. यास्तव मी अगदी लहानसा विषय निवडला आहे. तान्ह्या बाळाचा डोळा गळतो तो का, आणि त्याला काय करावे, एवढेच मी आज सांगणार आहे. विषय लहान असला तरी आपल्या ज्ञातीतील असे एकही घर नसेल की ज्या घरात या गोष्टीवरून कधी ना कधी चर्चा झालेली नाही. क्वचित सासू-सुनांची बोलाचालीही झालेली असते.

चित्र आपल्या परिचयाचे आहे. बारसे होऊन आठ-पंधरा दिवस झालेले असतात. बाळ दूध पिते, वजन भरते, हसू लागते. परंतु एक डोळा सदैव पाण्याने डबडबलेला असतो. बाळ रडत नसतानाही गालावर ओघळ येतो. सकाळी पापण्या चिपडांनी चिकटलेल्या असतात. डोळ्याचा पांढरा भाग मात्र स्वच्छ असतो, लाल नसतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हे सहसा लक्षात येत नाही, कारण तोपर्यंत बाळाच्या डोळ्यात पुरेसे अश्रू तयारच होत नाहीत. म्हणून घरात म्हटले जाते, 'जन्मला तेव्हा डोळा चांगला होता, नंतर काहीतरी बाधले.' आणि मग आईने काय खाल्ले, डोक्यावरून कधी न्हाली, कोणाची दृष्ट लागली, याचा शोध सुरू होतो. वस्तुतः आईचा यात तिळमात्र दोष नसतो.

तर मग होते काय? आपण रडलो की नाक वाहू लागते, हा अनुभव प्रत्येकास आहे. डोळा आणि नाक यांना जोडणारी वाट आहे, म्हणून असे होते. दोन्ही पापण्यांच्या आतल्या कोपऱ्याशी, टाचणीच्या टोकाएवढी दोन छिद्रे असतात. तेथून अश्रू बारीक नलिकांतून नाकाच्या मुळाशी असलेल्या अश्रुकोशात येतात आणि कोशातून खाली हाडातील एका नळीवाटे नाकात उतरतात. गर्भावस्थेत ही नळी प्रथम भरीव दोरीसारखी असते. ती हळूहळू आतून पोकळ होत जाते आणि तिचे नाकातील टोक सर्वांत शेवटी उघडते. शंभर नवजात बालकांपैकी सुमारे ५ ते २० बालकांत हे शेवटचे टोक जन्माच्या वेळी एका पातळ पडद्याने बंदच राहिलेले असते.

पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्यांना याहून अधिक सांगावयास नको. चारीच्या शेवटच्या टोकाला गाळ बसला की पाणी मागे तुंबते, बांधावरून फुटते आणि साचलेल्या पाण्याला वास येऊ लागतो. बाळाच्या डोळ्याचे तेच झालेले असते. तुंबलेले अश्रू गालावरून वाहतात आणि साचलेल्या अश्रूंत जंतू वाढून चिपडे येतात. या आपल्या खोडदच्या शिवारात ४५ मीटर व्यासाच्या प्रचंड तबकड्या अंतराळातील अतिसूक्ष्म लहरी टिपीत उभ्या आहेत. तशा ३० तबकड्यांची ती दुर्बीण पाहण्यास देशोदेशीचे विद्वान येतात. आणि इकडे घरात मात्र, एक-दोन मिलिमीटर रुंदीच्या नळीने आपण हैराण होतो! असो.

आपल्या पूर्वजांची दृष्टी या जागेवर गेली नव्हती असे नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नेत्ररोगांची मांडणी करताना डोळ्याच्या सांध्यांत होणारे नऊ रोग वेगळे काढले आहेत आणि त्यांत नाकाकडील कोपऱ्याशी पू धरणाऱ्या 'पूयालसा'चे व निरनिराळ्या स्रावांचे वर्णन आहे. ते वर्णन आणि बालकांची ही बंद नळी एकच, असा दावा मी करीत नाही. परंतु डोळ्यातून येणारा स्राव कोठून येतो हे आधी पाहावे आणि मग उपचार करावा, ही शिस्त त्यात आहे. आपण घरी करतो त्या उपायांत नेमकी तीच नसते.

हे उपाय कोणते? पहिला काजळाचा. डोळा गळतो म्हणून काजळ अधिकच भरले जाते. काजळाने नळी उघडत नाही. उलट काजळी त्या बारीक छिद्रांशी बसते, लावणाऱ्या बोटावरचे जंतू डोळ्यात जातात आणि नखाने बुबुळ ओरखडण्याचा धोका असतो तो वेगळाच. बाजारात मिळणाऱ्या काही काजळांत व सुरम्यांत शिसे आढळले आहे. ते बालकाच्या मेंदूस अपायकारक आहे. ज्यांना दृष्टीची भीती वाटते त्यांच्या भावनेचा मी अनादर करीत नाही. त्यांनी तीट बाळाच्या तळपायाला लावावी. दृष्ट लागावयाची ती तेथूनही परत जाईल.

दुसरा उपाय अंगावरचे दूध डोळ्यात पिळण्याचा. आईचे दूध अमृत आहे याविषयी दुमत नाही, पण ते पोटात जाण्यासाठी आहे. दुधाने पडदा फाटत नाही. तिसरा धुरीचा. ओवा-वावडिंगाच्या धुराने गळका डोळा अधिकच गळतो. आणि चौथा उपाय म्हणजे औषधाच्या दुकानातून विचारून आणलेले थेंब. हा सर्वांत आधुनिक दिसतो, म्हणून सर्वांत फसवा. चिपडे फार येऊ लागली, पापण्या सुजल्या, तर जंतुनाशक थेंब काही दिवस द्यावे लागतात, परंतु ते डॉक्टरांनी पाहून. थेंब थांबविले की चिपडे पुन्हा येतात, कारण वाट बंदच असते, आणि मग बाटलीमागून बाटली येते. काही थेंबांत स्टिरॉइड असते. ते दीर्घकाळ घातल्यास डोळ्यातील दाब वाढून दृष्टीस धोका संभवतो.

मग करावे काय? मालिश. पण आपल्याकडे तेल लावणारी बाई बाळाचे नाक सरळ व्हावे म्हणून ते चिमटीत धरून ओढते, नाकात फुंकर घालते, तेलाचे थेंब सोडते, ते हे मालिश नव्हे. नाकातून तेल फुप्फुसात उतरून बालके गंभीर आजारी पडतात, तेवढे मात्र आजपासून बंद करावे. मी सांगतो ती पद्धत अमेरिकेतील क्रिग्लर नावाच्या डॉक्टरांनी १९२३ साली प्रसिद्ध केली आणि शंभर वर्षे उलटली तरी तिच्याहून साधा उपाय सापडलेला नाही.

प्रथम आईने नखे कापावीत व हात साबणाने धुवावेत. उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ मऊ सुती फडके भिजवून डोळा नाकाकडून कानाकडे एकदाच पुसावा. दुसऱ्या डोळ्याला दुसरे फडके घ्यावे. मग तर्जनीचा किंवा करंगळीचा मऊ भाग डोळ्याचा आतला कोपरा आणि नाक यांच्या मधोमध टेकवावा. खाली हाड लागते, अश्रुकोश तेथेच आहे. तेथे हलकेच आत दाबावे आणि दाब न सोडता बोट नाकपुडीच्या दिशेने खाली आणावे. बुबुळावर दाब येता कामा नये. एका वेळी पाच ते दहा वेळा आणि दिवसातून तीन-चार वेळा असे करावे. बाळ दूध पिताना शांत असते, ती वेळ उत्तम. नुसते कातडीवर बोट फिरविण्याने काही साधत नाही. कोशातील पाणी खाली रेटले जाऊन त्याच्या दाबाने टोकाचा पडदा फाटावा, हा त्यातील हेतू आहे. दाबल्यावर कधी कोपऱ्यातून थोडा चिकट स्राव वर येतो. तो पुसून घ्यावा, घाबरू नये.

आणि हे किती दिवस? येथे भगिनींचा धीर सुटतो. आठ दिवस करतात, फरक दिसत नाही, सोडून देतात. ही गोष्ट दिवसांची नाही, महिन्यांची आहे. परंतु दहांपैकी सुमारे नऊ बालकांची नळी पहिल्या वाढदिवसाच्या आत मोकळी होते, हे लक्षात असू द्यावे. सर्दी झाली की डोळा पुन्हा गळू लागतो, म्हणून केलेले वाया गेले असे समजू नये.

वर्ष उलटूनही पाणी थांबले नाही तर नेत्रतज्ज्ञ एक बारीक, बोथट सळई पापणीच्या छिद्रातून अलगद खाली उतरवून पडदा उघडतात. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडचे नेत्रवैद्य सर विल्यम बोमन यांचे नाव त्या सळईस आजही लावले जाते. बाळाला थोडा वेळ भूल द्यावी लागते, काम काही मिनिटांचे असते, कापाकापी नसते, आणि बहुतेकांचा डोळा पहिल्याच प्रयत्नात कोरडा होतो. काही डॉक्टर वर्षाच्या आतही हे करतात. त्यांत मतभेद आहे, आणि तो निर्णय बाळ पाहणाऱ्यांवर सोडावा. 'एवढ्याशा जिवाला भूल कशी द्यावी' म्हणून तीन-चार वर्षे घालविणारे पालक मी पाहिले आहेत. ते योग्य नव्हे. अशा काही मुलांत दोन डोळ्यांच्या नंबरांत फरक निघतो, म्हणूनही एकदा तपासणी व्हावी.

आता या व्याख्यानाचा जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो सांगतो, आणि तो सांगताना मला संकोच वाटतो. माझ्या व्यवसायाच्या आरंभीच्या काळातील ही हकीकत आहे. तीन महिन्यांचा एक मुलगा आईने आणला. डोळे गळत होते. मी वर जे सांगितले तेच, मालिश आणि धीर, तिला सांगितले. मुलाचे डोळे मोठे, टपोरे होते. आजी कौतुकाने म्हणाली, 'डोळे बघा कसे हरणासारखे आहेत.' मीही मान डोलाविली. जाता जाता आई म्हणाली, 'उन्हात नेले की डोळे घट्ट मिटून घेतो.' ते वाक्य मी ऐकले, पण मनावर घेतले नाही. दोन-अडीच महिन्यांनी तो परत आला तेव्हा बुबुळावर धूसर निळसर छटा आली होती. तो जन्मजात काचबिंदू होता. डोळ्यातील दाबाने मऊ डोळा फुगत होता, म्हणून तो मोठा दिसत होता. पुण्यास शस्त्रक्रिया झाली. एका डोळ्याची दृष्टी राहिली, दुसऱ्याची गेली. त्या आईने मला कधी बोल लावला नाही. तिने मला सांगावयाचे ते आधीच सांगितले होते.

म्हणून भगिनींनो, डोळा गळतो आणि बाळ उजेडाकडे पाहात नाही, बुबुळ मोठे किंवा धुरकट दिसते, असे असेल तर एक दिवसही थांबू नका. जन्मल्यापासून पहिल्या काही दिवसांतच भरपूर पू येऊन पापण्या सुजल्या, तर तो प्रसूतिमार्गातील जंतूंचा संसर्ग असू शकतो. तो थोड्या दिवसांत बुबुळ नासवितो. डोळ्याच्या कोपऱ्याखाली जन्मतः निळसर गाठ असेल, किंवा पुढे तेथे लाल, गरम, दुखरी सूज येऊन ताप आला, तर मालिश पूर्ण बंद करावे आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. बाळ नाकाने श्वास घेते, आणि अशा गाठीने कधी तो श्वासही कोंडतो. बाहुलीत पांढरी चमक दिसली तरीही हेच करावे.

कोठे जावे, हा प्रश्न पूर्वी खरा होता. आता खोडदहून नारायणगाव जवळ आहे, तेथे मोहन ठुसे नेत्र रुग्णालय आहे. त्या कार्यामागील डॉ. मनोहर डोळे यांना २०२४ साली पद्मश्री जाहीर झाली, ही आपल्या सर्व परिसरास अभिमानाची गोष्ट होय. आडनावही किती समर्पक! शिवाय रुग्णालयात प्रसूती झाली असली तरी आशाताई पहिल्या ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात. त्या आल्या की बाळ झोपले आहे असे सांगून त्यांना उंबऱ्यावरून परत पाठवू नये. बाळाला उजेडात आणून डोळे दाखवावेत, आणि सुनेला स्वतःला बोलू द्यावे. दिवसभर बाळ तिच्याच मांडीवर असते.

माझा वेळ संपल्याची सूचना अध्यक्षांनी दिली आहे. बोट नेमके कोठे टेकवावे हे शब्दांनी पुरते सांगता येत नाही. भोजनानंतर मी शाळेच्या ओसरीवर बसणार आहे. ज्यांच्या कडेवर लहान मूल आहे त्या भगिनींनी तेथे यावे, आणि शक्य तर सासूबाईंनाही बरोबर आणावे. मी प्रत्यक्ष दाखवीन.