लाकडाचा बैल आणि जिवंत जोडी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनप्रसंगी यवतमाळ येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाल्यावर कुणी तरी चार उपयुक्त गोष्टी सांगाव्यात, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. यंदा ते काम चिटणीसांनी मजकडे सोपविले आणि विषयाची निवडही माझ्यावरच सोडली. मी शाळेत पदार्थविज्ञान शिकविले असल्यामुळे पुष्कळ पालक मजकडे शंका घेऊन येतात. अलीकडे त्यांच्या शंकांमध्ये एक नवी शंका वारंवार येऊ लागली आहे. "मुलगा घरी संगणकावर विमान चालवितो, आणि मुंबईच्या धावपट्टीवर अगदी अलगद उतरवितो. त्याला वैमानिक करावे काय? त्याकरिता वावर विकावे लागले तरी हरकत नाही." प्रश्न विचारणारा थट्टा करीत नसतो. व्यावसायिक वैमानिकाचे शिक्षण आज चाळीस-पन्नास लाखांच्या घरात, किंबहुना त्याहूनही वर जाते. कापसावर संसार चालविणाऱ्या घराला हा आकडा म्हणजे दोन पिढ्यांची पुंजी होय. म्हणून ह्या प्रश्नाचे उत्तर नीट विचार करूनच दिले पाहिजे, असे मला वाटले.

ज्याला सिम्युलेटर म्हणतात, त्यास मी येथे ‘अनुकारी यंत्र’ म्हणणार आहे. खऱ्या विमानाचे अथवा मोटारीचे हुबेहूब अनुकरण करणारे यंत्र, एवढाच त्याचा अर्थ. ही कल्पना आपणांस परकी नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या विदर्भात तान्हा पोळा भरतो. मुले लाकडाचे बैल सजवून, चाकांवर ओढीत, घरोघर मिरवितात. त्या नंदीला शिंगे असतात, झूल असते, गळ्यात घुंगुरमाळ असते. फक्त तो बुजत नाही. मल्लखांबाचेही तसेच. मल्लखांब म्हणजे लाकडाचा मल्ल. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधर यांनी ही विद्या पुन्हा नावारूपास आणिली, आणि शेजारच्या अमरावतीस १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने अशा देशी विद्यांचा प्रसार केला. खांबावर अंग घोटले की पकड, लवचिकता आणि दम हे सारे येते. परंतु खांब उलट डाव टाकीत नाही, हे कोणताही वस्ताद पहिल्याच दिवशी सांगतो.

विमानविद्येतील पहिला गाजलेला लाकडी मल्ल अमेरिकेत जन्मला, आणि त्याची जन्मकथा मोठी मौजेची आहे. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक ह्या तरुणाच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन तयार करण्याचा कारखाना होता. आपल्या पेटीत जसा भाता असतो, तसेच भाते ऑर्गनमध्येही असतात. लिंकने त्या भात्यांवर विमानाची एक ठेंगणी पेटी बसविली. भात्यात हवा भरली की पेटी वर उचलली जाई, काढून घेतली की कलंडे. १९२९ साली हे यंत्र तयार झाले. वैमानिकी शिकविणाऱ्यांनी त्याकडे ढुंकून पाहिले नाही. जत्रेतल्या करमणुकीसाठी मात्र ते खपू लागले. पुढे १९३४ साली अमेरिकन सैन्याकडे टपाल वाहून नेण्याचे काम आले, आणि ढगाळ हवेत केवळ उपकरणांकडे पाहून विमान हाकण्याचा सराव नसल्यामुळे एकामागून एक तरुण वैमानिक मृत्युमुखी पडले. तेव्हा सैन्याने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लक्षावधी तरुणांनी त्याच बुटक्या पेटीत बसून पहिले धडे गिरविले. हा इतिहास एवढ्याकरिता सांगितला की, अनुकारी यंत्राला कुणी केवळ खेळणे समजू नये. त्याने माणसे वाचविली आहेत.

आजचे यंत्र त्या पेटीहून फार पुढे गेले आहे. सहा दांड्यांवर तोललेली एक खोली, आत विमानाचा खराखुरा कक्ष, समोर पडद्यावर विमानतळ, पाऊस, धुके, सगळे काही. परंतु ही खोली जागची हलत नाही, मग आत बसलेल्यास वेग वाढल्याचा भास कसा होतो? येथे थोडे पदार्थविज्ञान सांगतो. एस. टी. स्थानकातून निघाली की आपली पाठ आसनाला दाबली जाते. आता समजा, एस. टी. उभीच आहे, परंतु तिचे तोंड कुणी हळूच वर उचलले. तरीही पाठ आसनाला तशीच दाबली जाईल. डोळे मिटले असतील तर ह्या दोहोंतील भेद आपल्या अंतःकर्णाला ओळखता येत नाही. अनुकारी यंत्र नेमका हाच कावा साधते. पडद्यावर धावपट्टी सपाट दिसते, आणि खोली मात्र कानाला कळणार नाही इतक्या सावकाश मागे कलते. मेंदू समजतो, विमान धावू लागले!

परंतु ह्या काव्याला मर्यादा आहे. कलते करून तुम्ही माणसाला त्याच्या स्वतःच्या वजनाएवढाच दाब देऊ शकता, त्याहून तसूभरही जास्त नाही. शर्यतीच्या मोटारीत जोराचा ब्रेक मारताना चालकावर त्याच्या वजनाच्या चार-पाच पट ओढ येते. लढाऊ विमान वळताना ती नऊपटीपर्यंत जाते. त्यासाठी बंगळुरूच्या वायुसेनेच्या वैमानिकी वैद्यक संस्थेत माणसाला लांब दांड्याच्या टोकाशी बसवून गरगर फिरविण्याचे निराळे यंत्र ठेवावे लागते. घरच्या संगणकासमोर बसलेल्या मुलाला ह्यातील काहीही अनुभवास येत नाही. त्याची खुर्ची मुकी असते.

शरीराचे एवढे पुरे. माझ्या मते खरा भेद शरीरात नाही, तो अन्यत्र आहे, आणि तो एका घटनेने चांगला उघड झाला.

१५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून उडालेल्या एका विमानाच्या दोन्ही एंजिनांत पक्षी शिरले आणि दोन्ही निकामी झाली. कप्तान सलनबर्गर यांनी विमान हडसन नदीच्या पाण्यावर उतरविले. आतील १५५ माणसे सर्वच्या सर्व वाचली. पुढे चौकशी झाली. विमान माघारी वळून धावपट्टी गाठू शकले असते काय, हे पाहण्यासाठी अनुभवी वैमानिकांना अनुकारी यंत्रात बसविण्यात आले. पक्षी आदळताच क्षणाचाही विलंब न लावता वळल्यास काही प्रयत्नांत धावपट्टी गाठता आली. परंतु खऱ्या प्रसंगात माणसाला काय झाले हे उमगण्यास आणि काय करावे हे ठरविण्यास वेळ लागतो. तो ३५ सेकंदांचा धरून प्रयोग केला, तेव्हा विमान धावपट्टीपर्यंत पोहोचले नाही. यंत्रात बसणाऱ्यांना पक्षी येणार हे आधीच ठाऊक होते. कप्तानांना ते ठाऊक नव्हते. बंधुभगिनींनो, विमानाचे वजन, वाऱ्याचा वेग, एंजिनाची शक्ती हे सारे यंत्रात घालता येते. ते ३५ सेकंद मात्र यंत्रात आपोआप येत नाहीत. ते कुणी तरी बाहेरून मोजून घालावे लागले.

दुसरी गोष्ट ह्याहून कठोर आहे. यंत्र तेवढेच शिकविते, जेवढे त्याच्या कर्त्याने त्यात भरले असेल. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात बोइंग ७३७ मॅक्स जातीची दोन विमाने पडली. ३४६ माणसे गेली. विमानाचे नाक आपोआप खाली दाबणारी एक योजना त्यात होती, आणि ती चुकीच्या सूचनेवरून कामास लागली होती. मे २०१९ मध्ये कंपनीने मान्य केले की, त्या विमानाच्या अनुकारी यंत्रांतील आज्ञावलीलाही दुरुस्तीची गरज होती. काही परिस्थितींचे यथार्थ दर्शन ती यंत्रे घडवू शकत नव्हती. ज्या संकटाची ओळख गुरूलाच नव्हती, ते शिष्याला कोण शिकविणार?

आता शर्यतीकडे वळू. त्या बाबतीत विलायतेतील उदाहरण थोडक्यात सांगतो, कारण आपली मुले ते हटकून पुढे करतात. जॅन मार्डनबरो हा इंग्रज तरुण घरी मोटारशर्यतीचा खेळ खेळत असे. १९ व्या वर्षी, २०११ साली, त्याने त्या खेळाच्या स्पर्धेतून निवड होऊन खऱ्या मोटारीत स्थान मिळविले, आणि २०१३ साली ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत त्याच्या चमूने आपल्या वर्गात तिसरा क्रमांक पटकाविला. हे अगदी खरे आहे. परंतु निवडीनंतर त्याला खऱ्या मोटारीवर कसून तयार केले गेले, हे सांगावयास मुले विसरतात. आणि २०१५ साली जर्मनीतील एका शर्यतीत त्याची मोटार हवेत उडून कुंपणापलीकडे गेली व एक प्रेक्षक प्राणास मुकला, हे तर कुणीच सांगत नाही. खेळात प्रेक्षक रंगविलेले असतात.

पण आपणांस इतके दूर जाण्याचे कारण नाही. शंकरपट आपल्या अंगणातला आहे. येथील ज्येष्ठांपैकी कित्येकांनी पटाच्या जोड्या पाळल्या असतील. छकड्यावर उभा असलेला धुरकरी क्षणार्धात काय काय सांभाळतो! डावा बैल निघताना अंग चोरतो, उजवा गर्दीच्या आवाजाने कान टवकारतो, पायाखालची माती सकाळी दवाने ओली असते आणि दुपारी भुसभुशीत होते. हे सारे त्याच्या हातातील कासऱ्याला कळते. कुणी हुशार मुलाने उद्या शंकरपटाचाही संगणकी खेळ तयार केला, तर तो मला आवडेल. पण त्यातील बैलाला आज वैरण कमी पडली होती की काय, हा प्रश्नच उद्भवणार नाही.

आणि येथे एक कटू गोष्टही सांगितलीच पाहिजे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ह्या शर्यती बंद केल्या, त्या उगाच नव्हे. जिंकण्याच्या ईर्ष्येने मुक्या जनावरांस दिला जाणारा त्रास न्यायालयापुढे आला होता. २०१७ साली महाराष्ट्राने कायदा केला, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींवर परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरविला. आता चाबूक, काठी, टोचणी ह्यांना मनाई आहे. मधली साडेसात वर्षे म्हणजे एका बैलाच्या ऐन उमेदीचा सगळा काळ. पट बंद झाला म्हणून आमच्यातील पुष्कळांना हळहळ वाटली, मलाही वाटली. परंतु खऱ्या शर्यतीत तुमच्या चुकीची आणि तुमच्या हव्यासाची किंमत दुसरा जीव देतो, ही गोष्ट त्या निर्णयाने आम्हांस दाखवून दिली. लाकडाच्या बैलाला कितीही मारा, वळ उठत नाही.

हीच गोष्ट आपल्या तरुणांच्या मोटारसायकलींना लागू आहे. नागपूर-हैदराबाद महामार्गावर करंजी-पांढरकवड्याच्या बाजूस रात्री रोही केव्हा आडवा येईल ह्याचा नेम नसतो. पडद्यावर आपटले की बोटाने एक कळ दाबावी, गाडी पुन्हा नवी कोरी. ह्या कळीची सवय हाताला लागली असेल, तर ती घरीच ठेवून बाहेर पडावे, एवढेच मुलांना सांगतो.

मग अनुकारी यंत्राचे स्थान कोणते? आपल्या देशाच्या नियमांनीच ते मोठ्या मार्मिकपणे ठरवून दिले आहे. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तास प्रत्यक्ष उड्डाण लागते. त्यातील १०० तास विमानाचा सर्वस्वी भार स्वतःवर घेऊन. केवळ उपकरणांकडे पाहून चालविण्याचे १० तास लागतात, आणि त्यांपैकी फार तर ५ तास यंत्रावर केलेले चालतात. आता दुसरी बाजू पाहा. प्रवासी कंपनीत मुरलेला वैमानिक दर सहा महिन्यांनी परीक्षा देतो, ती मात्र अनुकारी यंत्रातच. एंजिनाला आग लागली, चाके बाहेर येत नाहीत, असे प्रसंग त्याच्यावर तेथे मुद्दाम आणिले जातात. शे-दीडशे उतारूंना घेऊन असली परीक्षा कोण घेईल? म्हणजे नवशिक्याला यंत्र थोडे आणि आकाश पुष्कळ. मुरलेल्यास संकटाचा सराव यंत्रात. घरचा संगणक वापरणारी आमची मुले हा क्रम नेमका उलटा धरतात.

आपल्याच विदर्भातील दाखला द्यावयाचा तर गोंदियाजवळ बिरसी येथे वैमानिक प्रशिक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे. ती भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडातील सीएई ह्या कंपनीच्या भागीदारीतून उभी राहिली. ही सीएई म्हणजे जगातील अनुकारी यंत्रांच्या अग्रगण्य निर्मात्यांपैकी एक. यंत्रानेच काम भागते असे म्हणण्यात जिचा सर्वांत अधिक फायदा, तीच कंपनी बिरसीला विद्यार्थ्यांना छोट्या डायमंड विमानांत बसवून वैशाखाच्या झळांत आकाशात पाठविते. तापलेल्या रानावरून उठणारी हवा विमानाला कसे हेलकावे देते, हे त्या मुलांना तेथे पोटातून कळते. काही जणांना ओकाऱ्या होतात. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण ते पहिला हप्ता भरण्यापूर्वी कळलेले बरे.

म्हणून ज्या पालकांनी मला प्रश्न विचारला, त्यांना माझे उत्तर असे. संगणकावरचे विमान मुलापासून हिरावून घेऊ नका. उपकरणे वाचणे, नकाशा समजणे, आज्ञांचा क्रम ध्यानात ठेवणे, हे त्याला त्यातून येत आहे, आणि ते फुकट जाणार नाही. परंतु तो अलगद उतरवितो ह्यावरून काहीही अनुमान काढू नका. प्रथम विमानवाहतूक महासंचालनालयाने मान्य केलेल्या वैद्यांकडून त्याची तपासणी करून घ्या. दृष्टीचा, कानाचा अथवा हृदयाचा दोष निघाला तर संगणकावरील हजार तास व्यर्थ आहेत. त्यानंतर एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेत त्याला घेऊन जा, शिक्षकाशेजारी बसून छोट्या विमानातून एकदा तरी वर जाण्याची सोय होते काय ते विचारा, आणि तो खाली उतरल्यावर लगेच काही विचारू नका. दोन दिवसांनी, आपण होऊन तो काय बोलतो ते ऐका. ही दोन्ही कामे झाल्यावर सात-बाराचा उतारा पेटीतून बाहेर काढावयास माझी हरकत नाही.