पॉलिशने उतरलेली किंमत

घरातली जुनी वस्तू विकायची झाली की आपण आधी काय करतो? पुसतो, घासतो, रंगाचा एक हात देतो. सायकल असो, कपाट असो, चकचकीत दिसली की चार पैसे जास्त येतात, हा आपला हिशेब. बंदुकीच्या बाबतीत तो साफ उलटा पडतो. मला हे कळलं ते पन्नाशी ओलांडल्यावर, आणि तेही अमेरिकेत.

२०२३च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता मुलाकडे सेंट लुईसला गेलो होतो. शेजारी पंच्याहत्तरी उलटलेल्या एक बाई एकट्या राहत. आमची नात त्यांना आजी म्हणायची, म्हणून मीही आजीच म्हणू लागलो. आदल्या वर्षी त्यांचे यजमान वारले होते. त्यांच्यामागे एक बंदूक राहिली होती. घराचं छप्पर गळत होतं, दुरुस्तीला पैसे कमी पडत होते, तेव्हा बंदूक विकायची असं आजींनी ठरवलं. असल्या जुन्या बंदुकीला तीन हजार डॉलर सहज येतात, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवून दिलं होतं. नळीवरचा काळा रंग जिथे उडाला होता तिथे पुन्हा चढवायचा म्हणून जावयाने द्रावणाची बाटलीही आणून ठेवली होती.

बंदूक होती विंचेस्टरची मॉडेल १२, ट्रॅप नेमबाजीची. ट्रॅप हा तिकडचा जुना खेळ. एका यंत्रातून बशीएवढी चकती हवेत दूर फेकली जाते आणि नेमबाजाने ती छर्‍याने फोडायची. एका फेरीत अशा पंचवीस. चकतीला अजून मातीचं कबुतर म्हणतात, कारण पूर्वी खरी कबुतरं सोडत असत. आता त्यात माती नाही आणि कबुतरही नाही! सेंट लुईसपासून तासाभराच्या वाटेवर इलिनॉयमधलं स्पार्टा नावाचं लहानसं गाव आहे. २००६पासून या खेळाची सर्वांत मोठी अमेरिकन स्पर्धा तिथे भरते.

मॉडेल १२ ही पंप जातीची. नळीखालची लाकडी मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलली की नवं आत जातं. ही बंदूक १९१२मध्ये निघाली, म्हणून नावात बारा. पोलादाचा ठोकळा कातून तिचा मधला भाग घडवत. १९५०मध्ये रेमिंग्टनने ८७० नावाची स्वस्तात बनणारी पंप बंदूक आणली, आणि पुढे दहा-पंधरा वर्षांत विंचेस्टरला ही कातीव कारागिरी परवडेनाशी झाली. तोवर मॉडेल १२ जवळजवळ वीस लाख विकल्या गेल्या होत्या. म्हणजे नुसती जुनी आहे म्हणून ती दुर्मीळ नाही. हा पहिला धक्का आजींना दुकानात बसला.

दुकानात मीही सोबत गेलो होतो, हात पाठीमागे बांधून. पाहुणा म्हणून आलेल्या परदेशी माणसाला, शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर, त्या देशात बंदूक बाळगता येत नाही. शिवाय माझं नाव ऐकल्यावर कुणाच्या कपाळावर आठी नको, ही धास्ती आपली आपल्याजवळ असतेच. दुकानदार मात्र भला निघाला. मला खुर्ची दिली आणि शाळेतल्या मास्तरासारखा समजावू लागला.

आधी त्याने भिंग लावून अक्षरांच्या कडा पाहिल्या. बंदूक घासून पुन्हा काळी केली असेल तर अक्षरांच्या कडा बोथट होतात, स्क्रूच्या भोकांभोवती खळगे पडतात. इथे कडा धारदार होत्या. हात लागून लागून रंग उडालेला पट्टा त्याने बोटाने दाखवला आणि म्हणाला, हा आहे तसा राहू दे, यालाच किंमत आहे. बाटलीचं ऐकल्यावर त्याने कपाळावर हात मारला.

मीही मनातल्या मनात मारला. आमच्या घरी कोकणात अब्बांची ठासणीची बंदूक होती. शेतीच्या राखणीचा परवाना होता. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची, निकालानंतर परत यायची. अब्बा गेल्यावर परवाना माझ्या नावावर करून घेण्यात मला रस नव्हता. विकायला काढण्याआधी मी तिचा दस्ता सुताराकडून घासून, व्हार्निश मारून आणला. अब्बांच्या गालाच्या घामाने तो काळा पडला होता. ठासणीला तसाही भाव नव्हता, जे काही शे रुपये यायचे ते आले. पण तो काळा डाग मी पदरचे पैसे देऊन घालवला होता.

असो. दुकानदाराचं पुढे चालूच होतं. नळीवर नेम धरण्यासाठी जाळीदार पट्टी होती, पण ती कारखान्यातली नव्हती, मागाहून दुसरीकडे बसवलेली. दस्ता पाऊण इंच कापून मागे रबर लावलेलं. आजींचे यजमान ठेंगणे होते, त्यांनी बंदूक आपल्या खांद्याच्या मापाची करून घेतली होती. संग्राहकाच्या दृष्टीने हे दोन्ही दोष. या बंदुकीत पिजन नावाचा एक उंची दर्जा असायचा. साध्या बंदुकीवर मागाहून नक्षी कोरून ती पिजन म्हणून खपवणारेही आहेत, म्हणून हे लोक मूळ तुकड्यासाठी एवढे हटून बसतात. जिने कधी चकती फोडली नाही, जी खोक्यातच राहिली, ती त्यांना सर्वांत प्यारी. मला हा न्याय काही पटला नाही.

त्याने सहाशे डॉलर सांगितले. आजी गप्प झाल्या. मग तोच म्हणाला, संग्राहकाला विकू नका, नेमबाजाला विका. नेमबाज पट्टी सरळ आहे का आणि दस्ता खांद्याला बसतो का एवढंच बघतो. अर्थात तिथेही गिर्‍हाईक थोडं. स्पर्धेतले बहुतेक जण आता एकावर एक दोन नळ्यांच्या किंवा एकनळी महागड्या बंदुका वापरतात. बदकांचे शिकारीही फिरकत नाहीत, कारण १९९१पासून त्या शिकारीत शिशाच्या छर्‍याला देशभर बंदी आहे, आणि तोंडाशी आवळलेल्या जुन्या नळीतून पोलादी छरे मारणं नळीला मानवत नाही. ट्रॅपला शिसं चालतं, म्हणून तिथेच काय ती आशा.

आजींनी यजमानांच्या क्लबातल्या फळ्यावर चिठ्ठी लावली. तीन आठवडे कुणी आलं नाही. चौथ्या आठवड्यात एक मुलगी आली, जेमतेम पाच फूट उंचीची. तिने बंदूक खांद्याला लावली, दोन-तीनदा वर-खाली केली आणि विचारलं, दस्ता कुणी कापला? इतक्या आखूड मापाची बंदूक तिला कुठे मिळत नव्हती. साडेआठशे डॉलरला सौदा ठरला. तिकडे एकाच राज्यातल्या दोघांना असा व्यवहार परस्पर करता येतो, पण आजींनी हट्टाने तो त्याच दुकानातून, खरेदीदाराची रीतसर तपासणी करून केला. यजमानांचा काडतुसांच्या खिशांचा कोट त्यांनी तिला तसाच देऊन टाकला.

छप्पर ऑक्टोबरात झालं. उरलेले पैसे लेकीने घातले. मी तोवर परत आलो होतो, मुलाने फोनवर सांगितलं. जावयाची ती बाटली मात्र अजून आजींच्या गॅरेजात आहे, न फोडलेली.