मेलेली बॅटरी कुठे जाते?



पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे निघालं की वाटेत नेरे लागतं. पावसाळ्यात तारांवर फांदी पडून वीज गेली की अशा गावांत कितीतरी घरांना इन्व्हर्टरचाच आधार. त्याची बॅटरी कोपऱ्यात, बहुधा जिन्याखाली, वर्षानुवर्षं पडून असते. तीन-चार महिन्यांनी कोणीतरी बुचं उघडून पाणी घालतं, तेवढीच तिची आठवण. पन्नासएक किलोंच्या त्या डब्यात निम्म्याहून जास्त वजन शिशाचं असतं. उरलेल्यात बरंचसं ॲसिड.

डबा धड असेपर्यंत शिसं आतच राहतं. तेव्हा जपायचं ते ॲसिडला आणि चार्जिंगच्या वेळी निघणाऱ्या हायड्रोजनला. म्हणून बॅटरी हवेशीर जागी हवी, आणि पाणी घालताना काडी पेटवून आत डोकावणं तर नकोच. ॲसिड उडालं की लगेच कळतं: कातडी भाजते, कपड्याला भोकं पडतात, माणूस पाण्याकडे धावतो. डोळ्यात गेलं तर निदान पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याची धार धरायची आणि तडक दवाखाना गाठायचा.

शिसं मात्र आल्याची वर्दी देत नाही.

ते बाहेर पडतं बॅटरी मेल्यावर. भंगारात गेलेली बॅटरी कुऱ्हाडीने फोडायची, ॲसिड मातीत ओतायचं, प्लेटा काढून कढईत वितळवायच्या, असा उद्योग देशात अनेक ठिकाणी उघड्यावर चालतो. शिसं 327 अंश सेल्सिअसला वितळतं. साध्या भट्टीलाही ते जमतं, म्हणून हा धंदा थांबत नाही. धूर छातीत जातो आणि प्लेटांवरची भुकटी हातावरून भाकरीबरोबर पोटात.

कारखान्यातही धोका असतोच. पश्चिम महाराष्ट्रातल्या बॅटरी कामगारांचा एक अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या 100 मिलिलिटर रक्तात 25.8 ते 78 मायक्रोग्रॅम शिसं सापडलं, सरासरी 53 च्या वर. शिशाशी संबंध नसलेल्यांची सरासरी साडेबाराच्या आसपास होती. जागतिक आरोग्य संघटना तर 5 मायक्रोग्रॅमलाच कारण शोधायला सांगते, आणि शिशाची कुठलीही मात्रा निर्धोक मानत नाही. शिशामुळे हिमोग्लोबिन तयार होण्यात अडथळा येतो. पोटात कळा, बद्धकोष्ठ, थकवा, चिडचिड, या साऱ्या रोजच्याच तक्रारी. त्यामुळे रोगी काय काम करतो हे डॉक्टरांना कळलं नाही तर नुसतं ॲसिडिटीचं औषध मिळतं. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं, दशकानुदशकं. बाई गरोदर राहिली की हाडांतलं तेच शिसं सुटून पोटातल्या बाळापर्यंत पोचतं.

नेऱ्याला कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन आहे. कुष्ठरोगाने मज्जातंतू दुखावले की हाताचं काय होतं, हे या परिसराला नव्याने सांगायला नको. शिसंही मज्जातंतूंवरच येतं; जुन्या विषबाधेत मनगट लुळं पडतं. कुष्ठरोग आज औषधांनी पूर्ण बरा होतो. शिशाने लहान मुलाच्या मेंदूचं केलेलं नुकसान मात्र भरून येत नाही, रक्तातलं शिसं औषधाने उतरवलं तरीही.

सेनेगलची राजधानी डकारजवळच्या थियारॉय-सुर-मेर वस्तीत हे फार भयंकर रीतीने दिसलं. जुन्या बॅटऱ्या फोडलेल्या जागेतली माती शिशासाठी चाळली जाई, घरी आणली जाई. नोव्हेंबर 2007 ते मार्च 2008 या काळात तिथे 18 बालकं दगावली. शिसं पोटात जायला बॅटरीला हात लावावा लागत नाही! रांगतं मूल जमिनीवरचा हात तोंडात घालतं, आणि त्याचं शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शिसं शोषून घेतं. म्हणून बॅटरीच्या कामावरून आलेल्या माणसाने मुलाला उचलण्याआधी अंघोळ करावी, कपडे बदलावेत. ते कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत.

ऑगस्ट 2022 च्या केंद्रीय नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नवी बॅटरी घेताना जुनी दुकानदाराला परत दिली की किमतीत सूट मिळते. दारावरचा भंगारवाला कधी थोडे जास्त देऊ करतो. तरी बॅटरी दुकानातच द्यावी आणि बिलावर तशी नोंद करून घ्यावी. नेताना ती उभीच ठेवावी, आडवी झाली तर बुचांतून ॲसिड गळतं.