नवोदित वकिलांचा पहिला पाठ
(वार्षिक संमेलनातील भाषण)



वकिलीची सनद मिळविलेल्या आपल्या तरुणांचा आज सत्कार झाला. आम्ही पडलो शाळामास्तर. पुष्पहारासोबत थोडा गृहपाठही देतो.

दारिद्र्यामुळे कोणी न्यायास मुकू नये, हे राज्याचे कर्तव्य १९७६ साली राज्यघटनेच्या ३९-अ या अनुच्छेदाने सांगितले. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतील बंदी इत्यादिकांस मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला. परंतु हक्कामागे मनुष्यबळ हवे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने १ जानेवारी २०१५ पासून परीक्षा देऊन येणाऱ्या नव्या वकिलांस सनदेपूर्वी ५० तासांची विनामूल्य सेवा सक्तीची केली. तीही जाणत्यांच्या देखरेखीखाली.

अशी सक्ती आम्हांस इष्ट वाटते. मात्र गरिबाचा खटला म्हणजे शिकाऊ हाताची पाटी नव्हे. ज्येष्ठ वकील पाठीशी हवाच. शिवाय ज्या उमेदवारास खानावळीचे पैसे भागविणे कठीण, त्याच्यावर परोपकाराचा भार टाकून आपण मोकळे होणे न्याय्य नव्हे. तेवढ्या दिवसांचा त्याचा निर्वाह आपल्या शिक्षणनिधीने चालवावा, ही आमची विनंती.

आणि तरुणांनो, दारी आलेल्या अशिलाची जात विचारू नका. ज्ञातीचा लौकिक त्यातच आहे.