थवा न उठवता

ऑगस्टमध्ये कॅनडातल्या फंडीच्या उपसागरावर आपल्याकडच्या टिलवा पक्ष्याचे भाऊबंद लाखोंनी उतरतात. आर्क्टिकहून आलेला हा जेमतेम 20 ग्रॅमचा पक्षी चिखलातले बारीक जीव टिपत दोन-तीन आठवड्यांत वजन जवळपास दुप्पट करतो. पुढे समुद्रावरून थेट दक्षिण अमेरिका, आणि इंधन म्हणजे हीच चरबी. म्हणून जवळच्या फोटोसाठी विसावलेला थवा उठवणे मला अक्षम्य वाटते. ‘एकदा उठला तर काय बिघडले?’ असे म्हणणारे भेटतात; पण हौशी माणसे पुष्कळ, आणि प्रत्येक उड्डाणात चरबी जळते. मग जवळून टिपूच नये? टिपावे की! ओहोटी लागली, की थव्यापासून लांब, चिखलाच्या कडेला स्तब्ध बसावे. चरता चरता पुष्कळदा पक्षीच जवळ येतात. शिवाय बसल्याने कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या पातळीच्या जवळ येतो.