गाऱ्हाण्याचे टाळ

 

आम्हाला विषय दिलाय तो धीराचा. वारीत धीर कसा टिकतो आणि घरी तो कुठे जातो, एवढंच आज बोलू.

पुण्याहून सासवडचा टप्पा लांबचा. दिवेघाट चढून पाय भरून आलेले असतात. शेजारचे म्हातारबाबा विचारतात, "माउली, मुक्काम किती राहिला?" आम्ही सांगतो, "आला, आला, माउली." थोडं पुढं गेलं की पुन्हा तोच प्रश्न. दहादा विचारलं तरी दहादा गोड उत्तर. आणि घरी? ओसरीवर बसलेले आपले वडील तिसऱ्यांदा विचारतात, "लाईट आली का रे?" की आपण खेकसतो, "एकदा सांगितलं ना!" म्हातारपण तेच, प्रश्नही तसाच.

कुणी म्हणतं, वाटेवर देव सोबत असतो. असतोच. मग घरी नसतो का? आम्हाला वाटतं, वारीत धीर धरायची सोय करून ठेवलेली आहे. हैबतबाबा आरफळकर सरदार माणूस, त्यांनी पालखीला शिस्त लावली. पताकावाले पुढे, मग टाळकरी, मृदंग, वीणा, मागे तुळशीवाल्या आयाबाया. प्रत्येकाची जागा ठरलेली, म्हणून घुसाघुशीचं कारण नाही. वीणा खाली ठेवायची नाही. एकाचा खांदा अवघडला की दुसरा गळ्यात घेतो. घरी मात्र अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं एकट्या सुनेवर टाकायचं आणि वर तिलाच 'धीर धर' म्हणायचं, अशी माणसं आहेत. याला धीर म्हणू नका, हा अन्याय आहे. स्पष्ट बोलतो, राग मानू नये.

दुसरी सोय याहून मोठी, ती समाजआरतीची. माउलींची पालखी मुक्कामाच्या तळावर येते, दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, चोपदार दंड उंचावतात आणि एवढा अफाट समाज क्षणात गप्प होतो. पण ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ वाजतच राहतात. चोपदार तिथं जातात, गाऱ्हाणं ऐकून घेतात, मग ते टाळ थांबतात. मग आरती. म्हणजे पहा, भर रस्त्यात भांडण काढलं नाही, आणि पोटात गिळूनही टाकलं नाही. संध्याकाळपर्यंत धरलं, मग सगळ्यांदेखत मांडलं. आपण घरी नेमकं उलटं करतो. एकतर तिथल्या तिथं फाडकन बोलतो, नाहीतर सहा महिने साठवून सणावारी बाहेर काढतो.

नाथमहाराजांच्या अंगावर थुंकणाऱ्याची गोष्ट आपण सगळेच सांगतो, ऐकताना माना डोलावतो. पण ती ऐकून कुणाचा घरचा राग उतरल्याचं आम्ही फारसं पाहिलं नाही. ती उंची फार मोठी. त्यापेक्षा मुक्ताईचं वागणं आपल्याला जवळचं. थोरला भाऊ लोकांच्या बोलण्यानं दुखावून ताटी लावून बसला. तिनं ताटी मोडली नाही, आणि कंटाळून निघूनही गेली नाही. बाहेर उभी राहून बोलत राहिली. ताटीचे अभंग म्हणतो ते हेच.

आमच्याकडं काही घरांनी एक रीत धरलीय. रात्री हरिपाठ झाला की दहा मिनिटं तिथंच बसायचं. ज्याचं गाऱ्हाणं त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी मधे तोंड घालायचं नाही. सकाळी धारांच्या घाईत, पोरं शाळेला निघताना काही काढायचं नाही. पहिले आठ दिवस हसू येतं. मग पोरंसुद्धा बोलू लागतात. एका घरात सुनेनं पहिल्यांदाच सांगितलं, की दोन वर्षांत ती माहेरी सलग चार दिवस राहिलेली नाही. सासऱ्यांना हे ठाऊकच नव्हतं. त्याच आठवड्यात ते स्वतः तिला एस.टी.त बसवून आले.

सगळीकडं असं होतं असं नाही. दिंडीतल्याच दोघा भावांचा बांधाचा वाद अजून मिटलेला नाही. पण आता ते बांधावर भांडत नाहीत. रात्री पारावर चारचौघांत बसून बोलतात, आवाज चढला की कुणीतरी म्हातारा हात वर करतो. कुऱ्हाडी घरी राहतात. यंदा दोघं दिंडीत एकाच ओळीत आहेत, मधे दोन माणसं सोडून.

असो. विणेकरीबुवा उभे राहिलेत. टाळ घ्या, हरिपाठाची वेळ झाली.